फ्लॉपीवरचा टिळा

ऑफिसातली तरुण पोरं मला पाठीमागे 'बॅकअप मॅडम' म्हणतात. मला ते ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं, आणि वाटू द्यावं असं मीही ठरवलंय. त्यांची टेबलं बघण्यासारखी असतात. टकटक वाजणारे, खालून रंगीत दिवे लागणारे कीबोर्ड, दोन-दोन पडदे, लॅपटॉपखाली लाकडी घडवंची, कानावर भले मोठे हेडफोन आणि फोनमध्ये कामांच्या याद्या करायला चार-पाच ॲप्स. सकाळी आले की अर्धा तास यादी करण्यात जातो आणि संध्याकाळी जाताना अर्धा तास तीच यादी उद्यावर ढकलण्यात. पण एखाद्याचा लॅपटॉप मान टाकतो तेव्हा हीच मंडळी तोंड एवढंसं करून माझ्याकडे येतात. माझ्या टेबलावर काही नाही. अक्षरं पुसली गेलेला साधा काळा कीबोर्ड, एक वही, खणात बाहेरच्या दोन डिस्क. तिसरी प्रत क्लाउडवर आणि चौथी धुळ्याला माझ्या भावाच्या कपाटात. "मॅडम, इतकं कशाला?" असं कोणीतरी विचारतंच. मी हसून वेळ मारून नेते. खरं उत्तर द्यायला बसले तर अजूनही माझा आवाज चढतो आणि ऑफिसात आवाज चढवणं मला शोभत नाही, म्हणून ते इथे लिहिते आहे.

आमचं घर जळगावात, रुळांच्या पलीकडे, दोन खोल्यांचं. नाना, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये शिपाई होते. जुने कागद लाल कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्यांना तिथे रुमाल म्हणतात. नानांचा जन्म रुमाल सोडण्यात आणि बांधण्यात गेला. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला धुळीचा आणि जुन्या कागदांचा वास यायचा. हातपाय धुवून बसले की माय त्यांच्यापुढे कळण्याची भाकरी, ठेचा आणि हिवाळ्यात वांग्याचं भरीत ठेवायची, आणि पहिल्या घासाबरोबर नानांची गोष्ट सुरू व्हायची. आज कोणाचा कागद सापडला, कोणाचा सापडला नाही. दुसऱ्या घरांत मुलांना भुताखेतांच्या गोष्टी सांगायचे, आम्हाला हरवलेल्या कागदांच्या. त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट घरचीच होती. आजोबांचा शाळेचा दाखला घराला आग लागली त्यात गेला, आणि तो एक कागद नसल्यामुळे नानांना जातीच्या दाखल्यासाठी, मूळ गाव तिकडचं म्हणून, धुळ्याच्या कचेऱ्यांत खेटे घालावे लागले. रस्त्यावर, विहिरीवर, हॉटेलात त्यांची जात कोणाला कधी विचारावी लागली नव्हती. ती बघताक्षणी सगळ्यांना कळायची. फक्त खिडकीपलीकडच्या कारकुनाला ती पुराव्याशिवाय पटत नव्हती.

"एक कागद म्हंजे कागद नही, सुजाता," नाना भाकरी मोडताना म्हणायचे. "दुसरा पायजे. अन् तो दुसरा गावले पायजे. एकच घरमा दोन ठेयात अन् घरच जळी गयं, मंग काय करशी?"

म्हणून आमचे सगळे कागद दोन ठिकाणी असत. एक संच घरी पत्र्याच्या पेटीत, दुसरा यावलला फुईकडे. फुई म्हणजे नानांची थोरली बहीण. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक पाकिटाला तिनं वेगळ्या गाठीचा दोरा बांधलेला असायचा आणि कोणता कागद कोणाचा हे ती अंधारातसुद्धा सांगायची. महिन्यातून एका रविवारी नाना एस.टी.नं यावलला जायचे, नवीन कागद ठेवून यायचे आणि येताना केळीचा फणा आणायचे. हल्ली आमच्या पोरांना कुठल्यातरी व्हिडिओतून कळतं की डेटाच्या तीन प्रती हव्यात आणि त्यातली एक घराबाहेर हवी. मोठा शोध लागल्यासारखं ते मला येऊन सांगतात, आणि मी मान डोलावते.

बारावी झाल्यावर मी मराठी टायपिंग शिकले. त्या इन्स्टिट्यूटमध्ये वीस मशिनं एकदम खडखडायची आणि तो खडखडाट माझ्या बोटांत इतका मुरला, की घरी भाकरी थापतानाही माझी बोटं परातीवर टाइप करतात असं माय म्हणायची. परीक्षा पास झाले आणि किशोरभाऊंच्या दुकानात लागले. किशोरभाऊ लग्नपत्रिका, हँडबिलं, स्मरणिका छापून द्यायचे आणि त्यांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. सकाळी कॉलेज, दुपारपासून दुकान असं माझं ठरलं. कॉम्प्युटरची खोली वेगळी, काचेच्या दाराची. चपला बाहेर काढायच्या. मशीनवर मखमलीचं आच्छादन, त्याला किशोरभाऊंच्या आईनं, अक्कांनी, स्वतः लावलेली झालर. पंख्याची घरघर, आणि फ्लॉपी आत सरकवली की कर्र-कर्र असा आवाज. तो आवाज मला फार आवडायचा. इथे कोणी मला "ए" म्हणत नव्हतं. पडद्यापुढच्या खुर्चीत मी बसले की किशोरभाऊसुद्धा माझ्या खांद्यामागे उभं राहून विचारायचे, "हे कसं केलंस?" उभ्या आयुष्यात मला कोणी कधी असा प्रश्न विचारला नव्हता. मला ती खुर्ची हवी होती. लग्न, दागिने, घर, कशाचीही मला इतकी हाव नव्हती जितकी त्या खुर्चीची होती. दिवाळीनंतर दुसरं मशीन येणार होतं, आणि किशोरभाऊंनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "मामांचं पुस्तक पूर्ण झालं की हे मशीन सुजाताचं. कायमचं."

अक्का माडीवर राहायच्या. चार वाजता त्या चहाचा ट्रे घेऊन खाली उतरायच्या. माझा कप वेगळा होता. कान तुटलेला नव्हता, टवका उडालेला नव्हता, चांगला नक्षीचा कप होता, फक्त वेगळा होता. त्याच अक्का माझ्या केसांत कधीमधी स्वतःच्या हातानं गजरा माळायच्या. हे दोन्ही त्या एकाच प्रेमानं करायच्या आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटायचं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही हे सांगताना आज माझी मलाच चीड येते.

मामा म्हणजे आबा, अक्कांचे भाऊ. धुळ्याजवळच्या एका खेड्यातले निवृत्त हेडमास्तर. त्यांनी आयुष्यभर खान्देशी बोलीतले शब्द वह्यांत गोळा केले होते आणि त्याचं पुस्तक भाच्याच्या दुकानात होत होतं. दर गुरुवारी ते बसनं जळगावला यायचे, माझ्या बाजूला स्टुलावर बसायचे, आणि मी टाइप करत जायचे. त्यांचा हात थरथरायचा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे वह्यांतलं त्यांचं त्यांनाच पुष्कळदा लागायचं नाही. मग आम्ही पडद्यावरच क्रम लावायचो, अर्थ बदलायचो, उदाहरणं घालायचो. हळूहळू वही आणि पडदा यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडलं. खरं पुस्तक पडद्यावर तयार होत होतं.

त्यात एक गंमत झाली. आबांचे शब्द पाटलांच्या ओट्यावरचे, शाळेतले, शेताच्या बांधावरचे. चुलीजवळचे, जात्याजवळचे, बाळंतिणीच्या खोलीतले शब्द त्यांच्याकडे फारसे नव्हतेच. मी घरी मायला विचारायचे. जात्याच्या कडेला चिकटून राहिलेल्या पिठाला काय म्हणायचं, रडून रडून झोपलेलं लेकरू झोपेत हुंदका देतं त्याला काय म्हणायचं, हे सगळं तिला ठाऊक होतं. भाकरी भाजता भाजता ती शब्द सांगायची, मी पाठकोऱ्या कागदावर लिहून घ्यायचे आणि गुरुवारी आबांना द्यायचे. ते लहान मुलासारखे खूश व्हायचे.

"पोरी, तुन्ही माय तं मन्ही मास्तरीन व्हयनी," असं त्यांनी एकदा म्हटलं. मी ते घरी सांगितलं तेव्हा माय पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होती.

मशीनची हार्ड डिस्क इवलीशी. ती भरत आली की पूर्ण झालेला मजकूर फ्लॉपीवर काढायचा आणि मशीनवरून पुसून टाकायचा. असं करत करत आबांचं पुस्तक सात फ्लॉप्यांवर गेलं आणि मशीनवर त्याचं एक अक्षर उरलं नाही. मी किशोरभाऊंना म्हटलं, "भाऊ, अजून एक प्रत काढून ठेवू या का?" ते म्हणाले, "फ्लॉपी काय मरते का? आणि दुकानातलं काम दुकानातच राहिलं पाहिजे, हे ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं, आणि तरीही ऐकलं नाही. मी नानांची मुलगी. एक कागद म्हणजे कागद नाही हे ज्याच्या हाडात गेलंय त्याला स्वस्थ झोप लागत नाही. मी माझ्या पैशानं फ्लॉप्या घेतल्या आणि दर शनिवारी काम आटोपल्यावर दोन-दोन प्रती काढू लागले. एक संच घरच्या पत्र्याच्या पेटीत, दुसरा नानांच्या पिशवीतून यावलला. फुईनं त्यालाही गाठ मारून ठेवली. "हाई कोनं शे?" तिनं विचारलं तेव्हा नानांनी सांगितलं, "मास्तरनं पुस्तक शे." फुईनं ते चौकोनी प्लास्टिक उलटसुलट करून पाहिलं आणि यात पुस्तक कुठे मावलं असं विचारलं नाही. आमच्या घरात कागदांवर कोणी शंका घेत नसे.

हाच प्रश्न अक्कांनी मात्र विचारला. एकदा चहा घेऊन आल्या तेव्हा फ्लॉपी हातात धरून म्हणाल्या, "सुजाता, मामानं पुस्तक यामा कोठे शे वं?" मी तोऱ्यात होते. फ्लॉपीची पत्र्याची छोटी झडप नखानं सरकवली आणि आतली काळी चकती त्यांना दाखवली. "हे बघा अक्का. सगळं यावर. वरचं नुसतं प्लास्टिक." अक्कांनी त्या चकतीला दुरूनच हात जोडले. मला हसू आलं होतं.

दसरा जवळ आला. त्या दिवशी दुकानात मशिनांची पूजा असायची. किशोरभाऊ अगदी आपुलकीनं म्हणाले, "तुमच्यात पूजा नसते ना. तू येऊ नकोस, सुट्टी घे." मला बरंच वाटलं. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी पांढरे कपडे घालून सगळे विहारात जायचे, वंदना व्हायची, दुपारी माय खीर करायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सात फ्लॉप्यांचा डबा खणात ठेवला, मशीनवर आच्छादन घातलं आणि निघाले. तो दसरा मला चांगला आठवतो, कारण त्यानंतर कितीतरी दिवस मला खीर गोड लागली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. पडद्यावर झेंडूची माळ, कीबोर्डवर आपट्याची पानं, कळांच्या फटीत तांदळाचे दाणे. मी ते निगुतीनं वेचून काढले. आबा येऊन बसले होते, कारण त्या दिवसापासून पुस्तकाची पानं लावायला घ्यायची होती. पहिली फ्लॉपी आत सरकवली. कर्र-कर्र झालं, मग नुसतं कर्र, कर्र, कर्र, आणि पडद्यावर इंग्रजीतली ओळ आली की वाचता येत नाही. दुसरी घातली. तेच. तिसरी घातली, तीही तशीच. चौथी घालण्याआधी मला काय सुचलं कोण जाणे, मी झडप सरकवली. आत काळ्या चकतीवर कुंकवाचा ओला करून लावलेला आणि आता वाळलेला टिळा होता. टिळ्यात अक्षता चिकटलेली होती. सातही फ्लॉप्या मी एकेक करून उघडल्या. सातही जणींना टिळा.

अक्का जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. आमची तोंडं बघून त्या घाबरल्या. "मी तं बठ्ठास्ले टिळा लावा," त्या म्हणाल्या. "वरना डब्बाले लाईसन काय उपेग? वाचस ते तं आतलं शे ना?"

हे त्यांना मीच शिकवलं होतं. त्या बाईवर मला तेव्हा राग आला नाही आणि आजही येत नाही. भावाच्या आयुष्यभराच्या कामाची पूजा करायची तर ती वरवर करायची नाही एवढंच त्यांना कळत होतं. आबा स्टुलावर बसल्या जागी खचले. फ्लॉपी हातात घेऊन धोतराच्या सोग्यानं ती पुसायला लागले, आणि मी त्यांचा हात धरला. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. म्हातारा माणूस आवाज न करता रडतो ते मी पहिल्यांदा पाहिलं.

किशोरभाऊ आले. त्यांनी एकदा फ्लॉप्यांकडे पाहिलं, एकदा आईकडे, एकदा मामांकडे, आणि मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत काय चाललं होतं ते मला लख्ख दिसलं. आईला बोल लावता येत नाही, मामांना काय सांगावं कळत नाही, आणि समोर एक तिसरं माणूस उभं आहे जे घरचं नाही. "फ्लॉप्या उघड्यावर कोणी टाकल्या?" ते ओरडले. मी म्हटलं, "मी खणात ठेवल्या होत्या भाऊ. पूजेला मांडायला तुम्हीच काढल्या असतील." "कपाटात कुलपात ठेवायच्या होत्या! आणि काल तू इथे असतीस तर हे झालंच नसतं. काम तुझं आणि ऐन दिवशी तू गायब." मला येऊ नकोस म्हणणारा माणूस हे म्हणत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं.

मी गप्प राहू शकले असते. तेव्हा फार तर ओरडा खाल्ला असता, आबांच्या वह्यांवरून जमेल तेवढं पुन्हा टाइप केलं असतं आणि खुर्ची कदाचित राहिली असती. पण आबांचे ओठ हलायचे थांबत नव्हते. मी म्हटलं, "आबा, पुस्तक आहे. माझ्याकडे प्रत आहे. उद्या आणते."

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. माय ताडकन म्हणाली, "दिऊ नको. त्या तुलेच चोर म्हनतीन." नानांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, "देनं पडी. काम त्यास्नं शे. पन यावलनं यावलमाच ऱ्हाऊ दे." आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत उशिरा येण्याचा अर्ज देऊन ते माझ्याबरोबर निघाले.

आबा रात्री तिथेच राहिले होते. फ्लॉपी घालायची खाच मेकॅनिकनं सकाळीच साफ करून दिली होती. मी माझ्या सात फ्लॉप्या एकेक करून आत सरकवल्या आणि सातही उघडल्या. एका अक्षराचा फरक नव्हता. मी त्या मशीनवर उतरवून घेतल्या. आबा पडद्याला नाक लावून शब्दांवर बोट फिरवत होते. मायनं सांगितलेला एक शब्द मोठ्यानं वाचून हसले. किशोरभाऊंनी मोठा सुस्कारा सोडला. मला वाटलं, आता ते माझ्या पाठीवर थाप मारतील. खरंच वाटलं. मी अठरा-एकोणीस वर्षांची होते.

"हे बाहेर कसं गेलं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी सांगितलं. शनिवार, माझ्या पैशाच्या फ्लॉप्या, पत्र्याची पेटी, सगळं. यावलचं तेवढं सांगितलं नाही.

"मी नाही म्हटलं होतं ना? दुकानातलं काम घरी नेणं याला काय म्हणतात? उद्या दुसऱ्या प्रेसवाल्याला दिलं असतं तर? अजून काय काय नेलं आहेस?" बोलता बोलता त्यांचा आवाज मोकळा होत गेला. कालपासून घरात जे ओझं पडलं होतं ते ठेवायला त्यांना जागा सापडली होती. मी आबांकडे वळले. "आबा, तुम्ही तरी सांगा."

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पोरी, दुकान त्यानं शे," ते म्हणाले. "मी काय बोलू?" आणि पुन्हा पडद्याकडे वळले. तो माणूस आठ महिने माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता. कितीतरी लोकांनी माझं वाईट केलं असेल, पण त्या चष्मा पुसण्याला मी कधीच माफी दिलेली नाही.

किशोरभाऊ म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. चोरी करणारं माणूस मला मशीनवर नको." मी खुर्चीतून उठले. तेवढ्यात दाराशी नानांचा आवाज आला. ते इतका वेळ चपला काढून काचेच्या दाराबाहेर उभे होते. "साहेब, सात नग जमा केले," नाना कचेरीतल्या मराठीत म्हणाले. "पोहोच लिहून द्या." त्यांच्या हातात कार्बन घातलेला कागद होता. तो त्यांनी घरूनच तयार करून आणला होता. किशोरभाऊ हसले. "चोरीच्या मालाची पोहोच?" नाना हात पुढे करून तसेच उभे राहिले. त्यांना अपमान कळत नव्हता असं नाही. पण कोणी काही जमा केलं की त्याची पोहोच मिळते, हा जगातला एकच नियम त्यांनी आयुष्यभर खरा मानला होता, आणि तो इथे लागू नाही हे त्यांच्या हाताला पटत नव्हतं. शेवटी मीच तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. चहाची वेळ नसताना अक्का ट्रे घेऊन खाली आल्या होत्या. ट्रेमध्ये माझा कप होता. मी तो न घेता बाहेर पडले. घरापर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. त्या माणसाला तुम्ही साहेब का म्हणालात, हे मला त्यांना विचारायचं होतं. ते शेवटपर्यंत विचारलं नाही.

पुस्तक उन्हाळ्यात निघालं. शहरातल्या वाचनालयात मी ते मिळवलं. प्रस्तावनेत आबांनी भाच्याचे आभार मानले होते, अक्कांच्या आशीर्वादाचे मानले होते, संगणकयुगाच्या किमयेचेसुद्धा मानले होते. ज्यांच्याकडून शब्द मिळाले त्यांची दोन पानं यादी होती. पाटील होते, गुरुजी होते, एक वैद्य होते. मायनं मला ते पुस्तक मोठ्यानं वाचायला लावलं. चुलीपुढे बसून ती ऐकत होती आणि तिचा शब्द आला की "हा मन्हा!" म्हणून मान हलवत होती. यादी वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "मन्हं नाव कोठे शे?"

"पुढच्या छपाईत येईल," मी म्हटलं. "या वेळेस जागा नव्हती."

तिनं ते खरं मानलं. पुढे मला नोकरी लागली, नाना गेले, फुई गेली, आणि माय मधूनमधून विचारायची, "मास्तरनी पुढली छपाई कवय?" मग तीही गेली. यावलच्या फ्लॉप्या मात्र मी आणून जपल्या. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून डिस्कवर, डिस्कवरून क्लाउडवर. ते जुने फॉन्ट आता कुठल्याच मशीनवर उघडत नाहीत, पडद्यावर नुसती चिन्हं दिसतात. तो मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणायला मला दोन वर्षांचे रविवार लागले. कशासाठी करत होते हे मला सांगता आलं नसतं.

मागच्या महिन्यात दुपारी फोन आला. धुळ्याहून, आबांचा नातू. फार नम्र आवाज. तो कॉम्प्युटरमधलाच माणूस होता. आजोबांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची आहे, फोनवर बघता येईल असा शब्दकोशही करायचा आहे, पण पुस्तकाच्या दोनच प्रती उरल्या आहेत, त्याही वाळवी लागलेल्या, आणि प्रेस बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, असं तो म्हणाला. नव्या आवृत्तीत मदत करणाऱ्या सगळ्यांची नावं घालणार होता. माझ्या तोंडाशी मायचं नाव आलं होतं. पूर्ण नाव, गावासकट. मी लॅपटॉप उघडला होता आणि ते फोल्डर पडद्यावर होतं.

"माझा नंबर कोणी दिला तुम्हाला?" मी सहज विचारलं.

तो जरा हसला. "किशोरकाकांनी शोधून दिला. ते म्हणाले, तिच्याकडे नक्की असणार, ती दुकानातलं काम चोरून घरी न्यायची. गमतीनं म्हणाले हो, मॅडम. राग नका मानू."

"नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे काही नाही. चोरीचा माल मी तेव्हाच परत केला होता."

त्यानं पुन्हा एकदा माफी मागितली, आभार मानले, आणि फोन ठेवला. मायची पुढची छपाई मी माझ्या तोंडानं बंद केली होती.